जुन्या गाडीचा बेल्ट किंचाळतो: तिसरा बेल्ट टाकण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची आहे. सकाळी सेल्फ मारला की बॉनेटखालून कर्कश किंचाळी सुरू होते आणि दहा-पंधरा सेकंदांनी आपोआप थांबते. एसी लावला किंवा उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की पुन्हा तोच आवाज. दोन वर्षांत दोनदा बेल्ट बदलला, दोन्ही वेळा महिना-दीड महिना शांतता होती आणि नंतर पहिले पाढे पंचावन्न. आता तिसरा बेल्ट टाकावा की बेल्टवर मारायचा स्प्रे वापरून पाहावा?

सध्या दोन्ही नको. बेल्ट बदलल्यावर आवाज थांबतो आणि काही आठवड्यांत परत येतो, यावरूनच कळतं की मूळ दुखणं बेल्टमध्ये नाही. नव्या रबराची पकड चांगली असते. ताण थोडा कमी असला, एखादी पुली जराशी तिरकी असली, तरी नवा बेल्ट काही दिवस ते निभावून नेतो. मग घसरून घसरून त्याचा पृष्ठभाग चकचकीत होतो, पकड जाते आणि आवाज परततो. तिसऱ्या बेल्टचंही हेच होईल. आधी बेल्ट का घसरतोय ते शोधायचं, मग बेल्टचा निर्णय घ्यायचा.

हा एकच लांब बेल्ट इंजिनच्या पुढच्या बाजूला नागमोडी फिरतो. क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, पुली त्याला फिरवते आणि तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप फिरवतो. मधल्या एक-दोन आयडलर पुल्या फक्त त्याला वाट दाखवतात आणि टेन्शनर त्याला ताणून धरतो. बेल्टच्या एका अंगाला लांबीच्या दिशेने रिब, म्हणजे उंच धारा, असतात. त्या पुलीच्या खाचांत पाचरीसारख्या रुततात आणि रिबच्या तिरक्या बाजूंच्या घर्षणावर सगळी ताकद वाहून नेली जाते. एखादी पुली घर्षणाला पेलवेल त्यापेक्षा जास्त जोर मागू लागली की रबर घसरतं, क्षणभर पकडतं, पुन्हा घसरतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि आपल्याला ते किंचाळीसारखं ऐकू येतं.

ही घसरण बहुतेक वेळा अल्टरनेटरवर सुरू होते. त्याची पुली सगळ्यांत लहान असते. तिला बेल्टचा विळखा कमी मिळतो आणि ती क्रँकच्या दोन-तीनपट वेगाने फिरते. सकाळचं गणित बघा. सेल्फने बॅटरीतून मोठा करंट ओढलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर पूर्ण जोर लावतो, रात्रभरच्या गारव्याने रबर कडक झालेलं असतं आणि पुल्यांवर दव धरलेलं असतं. दहा-पंधरा सेकंदांत बॅटरीची पहिली भूक भागते, घर्षणाने बेल्ट गरम होतो आणि आवाज थांबतो. स्टिअरिंग टोकाला नेलं की पंपातला दाब सर्वांत जास्त होतो. एसी लावला की कॉम्प्रेसरचा क्लच एका झटक्यात पकडतो. तिन्ही प्रसंगांत बेल्टवरचा भार एकदम वाढतो. तुम्ही दिलेली लक्षणं म्हणूनच मला बरंच सांगून जातात: भाराखाली घसरण. पहिला संशय ताणावर, म्हणजे टेन्शनरवर.

पण संशयावर पैसे खर्च करू नका, खात्री करून घ्या. त्यासाठी सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे साध्या पाण्याची स्प्रेची बाटली. इंजिन आयडलिंगला चालू ठेवा, आवाज येत असताना बेल्टच्या रिबच्या बाजूवर हलकासा फवारा मारा आणि कान देऊन ऐका. अल्टरनेटरवर पाणी ओतायचं नाही, फक्त बेल्ट ओला व्हायला हवा. पाणी लागताच आवाज वाढला, तर ताण कमी आहे. ओल्या रबराची पकड आणखी घटली म्हणून घसरण वाढली. आवाज काही सेकंद पूर्ण बंद झाला आणि बेल्ट वाळल्यावर परत आला, तर कुठली तरी पुली रेषेत नाही. रिब खाचेत तिरकी शिरताना घासते आणि पाण्याने तेवढ्यापुरतं वंगण मिळतं. काहीच फरक पडला नाही, तर आवाज बेल्टचा नसून एखाद्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी.

आवाजाची जातही ऐका. भार आल्यावर सलग येणारी लांब किंचाळी घसरणीची. पाखरासारखी ‘चिक् चिक् चिक्’ अशी ठेक्यात येणारी, आयडलिंगला स्पष्ट आणि रेस वाढवल्यावर जलद होऊन आवाजात मिसळून जाणारी चिवचिव तिरक्या पुलीची. खरखर, घरघर किंवा शिट्टीसारखा बारीक सूर इंजिनच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर बेअरिंग. जुन्या गाडीत यातले दोन दोष एकत्र असू शकतात, म्हणून एक सापडला की शोध थांबवू नका.

हात घालण्याआधी सुरक्षिततेचं बोलून घेऊ, कारण इथे बोटं जातात. इंजिन चालू असताना बेल्टच्या जवळ हात, कापड, ब्रश काहीही न्यायचं नाही. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस आवरून घ्या. इंजिन बंद केल्यावर चावी काढून खिशात ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हे विसरू नका. अल्टरनेटरच्या आसपास पाना चालवायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत बॅटरीचा करंट सतत असतो आणि तिथून बॉडीला पाना टेकला तर मोठी ठिणगी उडते.

आता टेन्शनर. तो जुन्या गाड्यांत सर्वांत दुर्लक्षित राहतो, म्हणून त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. बाहेरून एक जाड भुजा आणि तिच्या टोकाला एक पुली एवढंच दिसतं. आत जाड स्प्रिंग असते, ज्याच्यावर भुजा फिरते तो बुश असतो आणि भुजेची थरथर शोषणारी घर्षणाची योजना असते. इंजिनच्या प्रत्येक धक्क्याबरोबर ही भुजा किंचित हलत राहते, वर्षानुवर्षं. स्प्रिंग थकते, बुश झिजतो, थरथर शोषणं संपतं. बाहेरून तो तसाच धडधाकट दिसतो, म्हणूनच बेल्ट बदलताना कुणी त्याच्याकडे बघत नाही.

इंजिन आयडलिंगला असताना टॉर्चच्या उजेडात, लांबूनच, भुजा बघा. बारीक कंप चालतो. पण ती उड्या मारत असेल, डोळ्यांना सहज दिसेल एवढी मागेपुढे होत असेल, तर टेन्शनर संपत आला आहे. किंवा अल्टरनेटरची पुली त्याला धक्के देते आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. कुणाला तरी एसी चालू-बंद करायला सांगा. क्लच पकडतो त्या क्षणी भुजा मोठी उडी घेऊन सावकाश स्थिरावत असेल, तर तीच तुमची किंचाळी. मग इंजिन बंद करून टेन्शनरच्या बुडाशी बघा. भुजा आणि बॉडी यांच्या फटीतून तांबूस-तपकिरी भुकटी गळालेली दिसली तर आतला बुश किंवा स्प्रिंग झिजत आहे. पुलीकडे वरून, बेल्टच्या कडेच्या दिशेने बघा. बेल्ट तिच्या मधोमध धावल्याच्या खुणा आहेत, की एका कडेला सरकलेला आहे? बुश झिजला की भुजा तिरकी होते, पुली कलते आणि ताण कमी होण्याबरोबर रेषाही बिघडते. एकाच भागातून दोन्ही दोष असे निघतात.

शेवटची परीक्षा हाताची. भुजेवर पाना लावायला षटकोनी उंचवटा किंवा चौकोनी भोक असतं. लांब पान्याने ती हळूहळू फिरवून बेल्ट सैल करा आणि काढा. मग भुजा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि तशीच हळू परत आणा. जोर सगळीकडे सारखा आणि भरीव लागायला हवा. मध्ये कुठे अडकली, खरखरली, किंवा एखाद्या जागी जोर एकदम कमी झाला, तर टेन्शनर बदला. पाना मध्येच सोडून देऊ नका, भुजा जोरात आपटते आणि बोट सापडलं तर मोडते. अनेक टेन्शनरवर एक काटा आणि किमान-कमाल अशा दोन खुणा असतात. बेल्ट चढवलेला असताना काटा त्या दोन खुणांच्या मध्ये असलाच पाहिजे. बाहेर गेला असेल तर बेल्ट ताणून लांबलाय, किंवा चुकीच्या लांबीचा बसवलाय.

चुकीची लांबी ही दिसते त्यापेक्षा नेहमीची गोष्ट आहे. बेल्टच्या पाठीवर ६पीके१२३० अशा धर्तीचा आकडा असतो. त्यातला ६ म्हणजे रिबची संख्या, पीके हा रिबचा आकार, ज्यात एका रिबपासून दुसऱ्या रिबचं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं, आणि १२३० म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. तुमच्या गाडीला एसी आहे की नाही, अल्टरनेटर कुठल्या क्षमतेचा आहे, यावरून एकाच मॉडेलला वेगवेगळ्या लांबीचे बेल्ट लागतात. आधीच्या दोन बेल्टांवर काय लिहिलंय ते गाडीच्या पुस्तिकेशी किंवा चेसिस नंबरवरून निघणाऱ्या पार्ट नंबरशी ताडून बघा. जुना बेल्ट दुकानात नेऊन नव्याला लावून मापणं पुरेसं नाही, कारण जुनाच चुकीचा असला तर चूक पुढे चालू राहते.

तुमच्या गाडीत स्प्रिंगचा टेन्शनर नसून अल्टरनेटर किंवा आयडलर सरकवणारा बोल्ट असेल, तर प्रश्न सोपा आहे. असे बेल्ट हाताने ताणावे लागतात. नवा बेल्ट सुरुवातीच्या काळात खाचांत बसतो आणि जरा सैल पडतो, म्हणून तो काही दिवसांनी पुन्हा ताणायचा असतो. हे दुसरं ताणणं बहुतेकदा राहून जातं, आणि ‘महिन्याभराने आवाज परत’ या तक्रारीचं कारण कित्येक गाड्यांत एवढंच निघतं. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब पट्ट्यावर मधोमध अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर दिला की बेल्ट किती मिलिमीटर दबावा, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत तो आकडा दहाच्या आसपास असतो. आवाज जावा म्हणून गरजेपेक्षा जास्त ताणू नका. आवाज जाईल, पण अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग त्या जोराने खराब होईल आणि मग खर्च कितीतरी पटींनी वाढेल.

बेल्ट काढलेलाच आहे तर तो वाया घालवू नका, नीट वाचा. उजेडात उलटा धरून रिबच्या बाजू बघा. काचेसारख्या चकाकत असतील तर तो बराच काळ घसरलाय. एकच कड उसवून धागे निघाले असतील तर पुली रेषेत नाही. खाचांत रबराचे बारीक गोळे चिकटले असतील तर ताण कमी किंवा रेषा चुकलेली. रबर फुगीर, मऊ, चिकट लागत असेल तर तेल. पाठीमागची सपाट बाजू चकाकत असेल तर एखादी आयडलर नीट फिरत नाही.

आणि एक जुनी सवय सोडा: भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हे आता खरं राहिलेलं नाही. पूर्वीचे बेल्ट निओप्रीन रबराचे असत. ते म्हातारे झाले की आडव्या भेगा पडत आणि त्या मोजून बेल्ट कधी बदलायचा ते ठरे. आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. त्यांना भेगा सहसा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजतात. रिबमधल्या दऱ्या रुंद आणि खोल होतात, रिब पुलीच्या खाचेत जास्त खाली बसते आणि पाचरीची पकड सुटते. पाणी निसटून जायला जागाही नीट राहत नाही, म्हणून झिजलेला बेल्ट पावसात जास्त ओरडतो. अशा बेल्टची झीज डोळ्यांना पटकन दिसत नाही. रिबमध्ये बसवून बघायचं प्लास्टिकचं छोटं माप मिळतं, ते वापरा, किंवा नवा बेल्ट शेजारी धरून दऱ्यांची खोली ताडून बघा. साधारण एक लाख किलोमीटरनंतर बेल्टवर बारीक लक्ष हवं. नेमका बदलण्याचा आकडा तुमच्या पुस्तिकेतला धरा.

बेल्ट उतरवलेल्या अवस्थेतच सगळ्या पुल्या एकेक करून हाताने फिरवा. आयडलर गुळगुळीत, आवाज न करता फिरावी आणि लगेच थांबावी. ती भोवऱ्यासारखी बराच वेळ फिरत राहिली तर आतलं ग्रीस वाळून गेलंय. बोटांना कुरकुर जाणवली तर बेअरिंग खराब. धरून बाजूला हलवा, खेळ अजिबात नको. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांनाही हीच परीक्षा. पाण्याच्या पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. आतली सील गळू लागली की कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याच्याखाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी वाळलेला ओघळ दिसला तर पंप जायला आला आहे, आणि तोच कुलंट उडून बेल्टवर बसत असणार. कुलंट लागलेला बेल्ट भयंकर ओरडतो. वर इंजिनच्या झाकणाची गॅस्केट, पॉवर स्टिअरिंगच्या होजचे जोड, पुढचं क्रँक सील यांच्याभोवती तेलाचा ओलावा शोधा. गळती असताना नवा बेल्ट टाकणं म्हणजे त्यालाही खराब करणं. गळती आधी थांबवा, पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि ताठ ब्रशने साफ करून पूर्ण वाळवा आणि मगच नवा बेल्ट चढवा. तेलाने फुगलेला बेल्ट पुसून पुन्हा वापरता येत नाही.

इंजिनखालचं प्लास्टिकचं संरक्षक झाकण जागेवर आहे का, तेही वाकून बघा. जुन्या गाड्यांत ते कधीतरी तुटतं आणि परत बसवायचं राहतं. मग रस्त्यावरचा चिखल आणि पाणी थेट बेल्टवर उडतं. पावसाळ्यातच आवाज येतो अशा गाड्यांत मी हे सर्वांत आधी बघतो.

आता रेषा. पुल्या एका प्रतलात आहेत का हे पाहायला एक सरळ पोलादी पट्टी किंवा खाचेत बसेल असा सरळ गज शेजारशेजारच्या दोन पुल्यांवर धरा. ३० सेंटिमीटर अंतरात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो शोधून काढायलाच हवा. पुल्यांच्या कडांची जाडी वेगवेगळी असू शकते, म्हणून कडेपेक्षा खाचेवरून माप घेणं जास्त भरवशाचं. फरक सापडला तर गेल्या काही वर्षांत काय उघडलं होतं ते आठवा. अल्टरनेटर बदलल्यापासून चिवचिव सुरू झाली अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. तीन ठिकाणी तिचे बेल्ट बदलून झाले होते. ब्रॅकेटच्या बोल्टखाली एक जाड चकती असायला हवी होती, ती परत बसवायची राहिली होती, आणि अल्टरनेटर चकतीच्या जाडीएवढा मागे गेला होता. चकती बसवल्यावर गाडी शांत झाली. तुमच्याकडेही पहिला बेल्ट कशाच्या कामानंतर बदलावा लागला, ते जुन्या बिलांवरून बघा.

पंधरा वर्षांच्या गाडीत क्रँकच्या पुलीलाही संशयातून सोडू नका. बऱ्याच इंजिनांत ती दोन भागांची असते: आतलं केंद्र, बाहेरचं कडं आणि मध्ये कंप शोषणारा रबराचा थर. हे रबर म्हातारं होऊन तडकलं की बाहेरचं कडं डुलायला लागतं किंवा केंद्रावर घसरतं. केंद्रापासून कड्यापर्यंत रंगाची एक सरळ बारीक रेघ ओढा, दोन-चार दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर कडं घसरतंय. ती पुली लगेच बदला. कडं चालत्या इंजिनवरून निसटलं तर आजूबाजूचं बरंच मोडून जातं.

टेन्शनरची भुजा उड्या मारते आहे, पण टेन्शनर नवा आहे, अशी परिस्थिती असेल तर अल्टरनेटरची पुली तपासा. अनेक गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, ही पुली साधी नसते. तिच्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, काहींत सोबत स्प्रिंगही. इंजिन एकदम मंद झालं की अल्टरनेटरचा जड रोटर आपल्या वेगात फिरत राहतो आणि बेल्टला झटका बसत नाही. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. एका दिशेला रोटर सोबत फिरायला हवा, दुसऱ्या दिशेला फक्त पुली. दोन्हीकडे रोटर फिरत असेल तर क्लच जाम झालाय. एकीकडेही रोटर फिरत नसेल तर तो संपलाय. जाम झालेली पुली नवा टेन्शनरही थोड्याच काळात खाते. इंजिन बंद करतानाच ‘चिक्’ किंवा ‘खर्र’ असा आवाज येत असेल तर ही पुली सर्वांत आधी बघावी.

बॅटरीही या गोष्टीत गुंतलेली असते. थकलेली बॅटरी सकाळी अल्टरनेटरकडून जास्त वेळ जास्त करंट मागते आणि बेल्टवरचा भार त्याच प्रमाणात टिकून राहतो. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. दिवे, पंखा आणि मागची काच तापवणारी जाळी लावल्यावर किंचाळी सुरू झाली आणि त्याच वेळी व्होल्टेज घसरलं, तर बेल्ट अल्टरनेटरवरच घसरतोय याचा हा थेट पुरावा.

आवाज बेल्टचा की बेअरिंगचा, ही शंका राहिलीच तर बेल्ट पूर्ण काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून बघा. बॅटरीचा दिवा लागेल, ते अपेक्षित आहे. आवाज गायब झाला तर दोष बेल्टच्या वाटेवरच्याच कशात तरी आहे. तसाच राहिला तर शोध इंजिनच्या आत, टायमिंगच्या (व्हॉल्व्हची वेळ साधणाऱ्या पट्ट्याच्या किंवा साखळीच्या) बाजूला न्यावा लागेल. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर एवढ्याच वेळात इंजिन बंद करा, आणि असं इंजिन घेऊन गाडी हलवू नका.

स्प्रेबद्दल विचारलंत, तर माझं मत ठाम आहे. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे, साबण, खडू, गंज सोडवायचं तेल, यांपैकी काहीही लावू नका. चिकट थराने काही दिवस आवाज दबतो, पण धूळ त्यात बसते आणि बेल्टसोबत पुल्यांच्या खाचाही घासल्या जातात. तेलाने रबर फुगतं. शिवाय तपासणाऱ्याच्या हातातलं आवाजाचं लक्षणच पुसलं जातं, आणि मग खरा दोष शोधायला दुप्पट वेळ लागतो.

तुमच्या गाडीबद्दल मला विचाराल तर क्रम असा धरा: पाण्याचा फवारा, मग टेन्शनरची भुजा, मग बेल्टवरचा आकडा. पंधरा वर्षांचा टेन्शनर एकदाही बदललेला नसेल तर माझ्या अंदाजाने तुमचा शोध तिथेच संपेल. बदलताना टेन्शनर, आयडलर आणि बेल्ट एकत्र बदला. टेन्शनर आणि आयडलर एकाच वयाचे असतात, बेल्ट घसरून चकचकीत झालेला असतो आणि कामाची मेहनत एकदाच लागते. टेन्शनरची फक्त पुली बदलून स्प्रिंग जुनी ठेवणं, हा तात्पुरता इलाज आहे.

नवा बेल्ट चढवण्याआधी जुन्याच्या वाटेचा फोटो काढून ठेवा. बॉनेटखाली आकृतीचा स्टिकर असतो, पण जुन्या गाडीत तो बहुतेकदा उडालेला असतो. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो आणि लवचिक बेल्ट थेट ताणून चढवावा लागतो. त्याला चढवायचं वेगळं हत्यार लागतं, स्क्रूड्रायव्हरने ढकलून बसवला तर आतले धागे तुटतात. बेल्ट बसला की सगळ्या पुल्यांवर बोट फिरवून बघा. एक रिब खाचेबाहेर राहिली तर बेल्ट काही तासांतच उसवतो, आणि खालच्या, न दिसणाऱ्या क्रँकच्या पुलीवरच ती राहते. तिथे आरसा धरून बघा. इंजिन दोन-चार सेकंद चालवून बंद करा आणि पुन्हा सगळ्या खाचा तपासा.

तोवर गाडी चालवायची का? भाराखाली काही सेकंद ओरडणारा बेल्ट लगेच तुटत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत जाण्याची चिंता करू नका. पण धागे लोंबत असतील, रिबचे तुकडे निघाले असतील, टेन्शनर आपटत असेल किंवा आवाज सलग झाला असेल तर लांबचा प्रवास टाळा. बेल्ट तुटला की एकाच वेळी बॅटरीचा दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा चढू लागतो. तसं झालं तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे नेऊ नका, बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. काही मिनिटांत हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालची सील) जाऊ शकते. काही इंजिनांत तुटलेल्या बेल्टचे धागे क्रँकच्या सीलमध्ये गुंडाळले जाऊन आत टायमिंगपर्यंत पोहोचतात, त्यामुळे तुकडे गोळा करून सगळे सापडले का तेही बघावं लागतं.

काम झाल्यावर साधारण हजार किलोमीटरनी एकदा बॉनेट उघडून टेन्शनरचा काटा दोन खुणांच्या मध्ये आहे का, पुल्यांभोवती रबराची काळी भुकटी साठतेय का, एवढं बघा. थोडी भुकटी नव्या बेल्टची असते. ढीग साठत असेल तर रेषा अजून चुकतेय. पट्टी घेऊन पुन्हा मोजा आणि मापं लिहून कळवा, कुठली पुली ते आपण शोधून काढू.